शेवटचा हात

चाळीस वर्षं मी औषधांच्या दुकानात उभी होते.
कुठली गोळी कुठल्या गोळीला चालत नाही,
हे यास्तार्नियातली माणसं
डॉक्टरआधी मला विचारायची.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर
आलोयझीचा ट्रॉलर. एकास पन्नास.
वडिलांची बोट. हीच त्याने
भरपाईचे पैसे घेऊन भंगारात काढली
आणि मी अकरा वर्षं त्याच्याशी बोलले नाही.
निळी कूस, पांढरी केबिन,
नाळेवर तांदळाच्या कणीएवढे आकडे,
जाळी आमच्या आईच्या हेअरनेटची, मी ओळखली.
सगळं झालंय. फक्त शेवटचा हात द्यायचा राहिला
आणि मार्चमध्ये तो गेला.

रंग कुठला, हे कुणालाच माहीत नाही.
डबे त्याच्या सुनेने फेकून दिले, वास येतो म्हणून.

ग्दिनियाचा दुकानदार म्हणाला, लॅकर घ्या, दहा मिनिटांत वाळतं.
दहा मिनिटांत बरं करणाऱ्या औषधांची
मला जुनी भीती आहे.
मी विचारलं, खाली एनॅमल असेल तर?
तो खांदे उडवून म्हणाला, मग सुरकुत्या पडतील, पानी.

म्हणून मी चमचे आणले, पांढरे, प्लास्टिकचे, वीस.
शेजारच्या ग्रात्सियानने काही एनॅमलने रंगवले, काही ॲक्रिलिकने.
आठवडाभर ते खिडकीत उलटे उभे,
मीठ लावून वाळत घातलेल्या माशांसारखे.
मग वर एकेक व्हार्निश.
एनॅमलवरचं लॅकर तासाभरात आक्रसलं,
जणू चमच्याला म्हातारपण आलं.
पाण्याचं ॲक्रिलिक मात्र दोन्हींवर निमूट बसलं,
ना भांडण, ना माया. 
मी वहीत लिहिलं: चालते.
सवयीने पुढे लिहून गेले: जेवणानंतर.

तरी त्याचा रंग कुठला?
बोट उताणी केली. कण्याजवळ, जिथे कुणी बघणार नाही,
कापसाला स्पिरिट लावून घासलं: काही नाही.
टर्पेंटाइन लावून, थांबून, पुन्हा घासलं:
कापसावर अगदी फिका निळा आला.
म्हणजे एनॅमल. म्हणजे तेल.
म्हणजे घाई करायची नाही.

आणि तिथेच, सुकाणूच्या मागे,
नखाएवढा एक तुकडा, सुरकुतलेला.
त्याने लॅकर लावून पाहिलं होतं.
पाहिलं, आणि हात आवरला.
बाजूला पेन्सिलने, त्याच्या त्या पडक्या अक्षरात:
ग.ला विचार.

ग. म्हणजे गेर्त्रुदा,
की ग्दिनियाचा तो, खांदे उडवणारा?
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
'ग'नंतर एक टिंब आहे, बस्स.
औषधाच्या चिठ्ठीवर असं अक्षर आलं असतं
तर मी फोन करून विचारलं असतं.

आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत होतो तेव्हाही
रोज सकाळी एकाच खाडीकडे पाहत होतो.
यात काही अर्थ आहे, असं मी म्हणत नाही.

ॲक्रिलिक, मॅट. तीन पातळ हात.
पहिला जवळजवळ कोरडाच, नाळेवरचे आकडे हलू नयेत म्हणून.
दोन हातांमध्ये एक रात्र.
ग्रात्सियान विचारतो, आज्जी, आज मारायचं?
मी खिडकी उघडते. खाडीवरून धुकं आत येतंय,
पुलाचे दिवे दुपारीच लागलेत.
दमट हवेत मॅट पांढरं पडतं,
आणि मग सगळी बोट धुक्यात गेल्यासारखी दिसते, कायमची.

आज नाही, म्हणते मी.
तो नाराज होऊन चमचे मोजत बसतो.
मी पेन्सिलीच्या त्या ओळीवरून
बोट न टेकवता बोट फिरवते.
तिच्यावर व्हार्निश द्यायचं की नाही,
हे अजून ठरलेलं नाही.